हर्षल अवरक्तात : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

विषय ठरला, तो पंचांगामुळे. भाची पंचांग चाळत बसली होती. "आत्या, हा हर्षल कोण? मंगळ, बुध, गुरू कळले. हर्षल आमच्या पुस्तकात नाही." पुस्तकात तो युरेनस आहे. आपल्याकडच्या पंचांगांनी त्याला शोधणाऱ्याचंच नाव दिलंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विल्यम हर्शेल. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडमधल्या बाथ गावी, घरामागच्या बागेतून त्याला हा ग्रह दिसला. आणि याच माणसाने १८०० साली लोलक आणि थर्मामीटर घेऊन अवरक्त किरण शोधले, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड.

हे दोन्ही धडे मी गेली चौदा वर्षं शिकवतेय. एक ग्रहमालेच्या तासाला, एक प्रकाशाच्या. दोन्ही शोध एकाच माणसाचे, हे वर्गात सलग एकदाही बोलले नव्हते. आज बोलले, आणि प्रकल्प तिथेच उभा राहिला: हर्शेलचा ग्रह हर्शेलच्याच किरणांत बघायचा.

गट पाच जणांचा. अकरावीच्या दोघी, बारावीचा एक, नववीतली भाची आणि मी. आधी हर्शेलचा प्रयोग स्वतः करायचा. मग आपल्या आठ इंची दुर्बिणीतून अवरक्त फिल्टर लावून ग्रह बघायचा. शेवटी अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या मूळ फ्रेम्स उतरवून कड्यांचं आणि चंद्रांचं चित्र आपल्या हाताने तयार करायचं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सगळं मांडायचं.

१९ ऑक्टोबर

लोलकाचा प्रयोग झाला. बुटाच्या खोक्याला वर फट पाडली, लोलक बसवला, तळाला पांढरा कागद. थर्मामीटरचे फुगे काळे करायचे असतात, म्हणजे ते उजेड शोषतात. अकरावीच्या मुलीने घरचं काजळ आणलं. तुपाच्या दिव्यावर धरलेलं, अगदी मऊ. इतकं छान काळं रंगाने झालं नसतं.

सावलीत २८.५ अंश. आठ मिनिटांनी जांभळ्या पट्ट्यात २९.५, पिवळ्यात ३१. तांबड्याच्या पलीकडे, जिथे कागद नुसता पांढरा दिसतो, तिथे ३३. मुलांनी दोनदा थर्मामीटर बदलून बघितले. तेच.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवली, कारण बहुतेक ठिकाणी ती सांगत नाहीत. तांबड्याच्या पलीकडे सूर्याची सगळ्यात जास्त ऊर्जा असते, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही. काचेचा लोलक जांभळ्या बाजूला रंग ऐसपैस पसरवतो आणि तांबड्या बाजूला दाटीवाटीने बसवतो. त्यामुळे तिकडच्या थर्मामीटरवर जास्त पट्टा गोळा होतो. न दिसणारा उजेड आहे एवढं मात्र त्यातून पक्कं कळतं, आणि हर्शेललाही तेच कळलं.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. थोरले काका आले होते. बत्तीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. भाचीने त्यांना हर्शेलची गोष्ट सांगितली: तो स्वतःच्या दुर्बिणीचे आरसे घरीच ओतायचा, तांबं आणि कथील मिसळून. साचा घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटून चाळायचं काम त्याची बहीण कॅरोलाईनही करायची. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तीन फुटी आरसा ओतताना वितळलेली धातू गळून खाली गेली आणि फरशीचे दगड फुटून उडाले. सगळे जीव घेऊन पळाले.

काका लगेच म्हणाले, "साचा ओला र्‍हायला असंल. नायतर दगडात पाणी. पाण्यावर रस पडला की वाफ हुते, दुसरं काय." मग लिदीबद्दल बराच वेळ विचारत होते. लिदीत गवताचे तंतू असतात, ते जळून गेले की वाफ निघायला वाट मिळते, असं त्यांनी आपणहूनच सांगितलं. "आमच्याकडं बी जुनी माणसं शेण-लीद वापरायची."

हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

१ नोव्हेंबर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. कॅमेरा आणि फिल्टर यांच्यामध्ये एक जोडरिंग हवी. मिस्त्रींना माप दिलं: २८.५ मिलिमीटर व्यास, ०.६ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. "०.६ नेहमीचा न्हाई मॅडम, गिअर बदलायला लागतील. शुक्रवारी या."

५ नोव्हेंबर

त्रिपुरारी पौर्णिमा. आज आकाश चंद्राचं आणि घाट पणत्यांचा. सगळे पंचगंगेवर. काम नाही.

८ नोव्हेंबर

रिंग आणली, फिल्टर दोन आटे गेला आणि अडकला. मिस्त्रींनी गेज लावून बघितलं, पिच ०.७५ चा पडला होता. त्यांना फार वाईट वाटलं. समोरच गिअर बदलून नवा अ‍ॅल्युमिनियमचा बार लावला, तासाभरात दुसरी रिंग. फिल्टर बोटाच्या एका टिचकीत फिरत आत गेला. पैसे घेतले ते एकाच रिंगचे. मुलांनी त्यांना निरीक्षणाला बोलावलंय.

फिल्टर ८५० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीच तो आत सोडतो. डोळ्याला तो काळ्या काचेसारखा दिसतो. टीव्हीच्या रिमोटचा दिवा त्यातून कॅमेऱ्याला लखलखीत दिसला. आमच्या कॅमेऱ्याची सिलिकॉन चकती १००० नॅनोमीटरच्या थोडं पुढे आंधळी होते. अवरक्ताच्या दारातच उभं राहून बघण्यासारखं आहे हे. पण हर्षलच्या बाबतीत दारातही पुष्कळ दिसायला हवं.

१० नोव्हेंबर

अंबाबाईचा किरणोत्सव, मावळत्या सूर्याचा किरण थेट मूर्तीवर. काल पायांपाशी, आज मध्यावर, उद्या चेहऱ्यावर असा क्रम. मुलांना घेऊन गेले. गर्दीत उभ्या उभ्या एक हिशेब झाला. हे दिवस ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असेच का? २१ डिसेंबरपासून मागे मोजा, पुढे मोजा, अंतर जवळजवळ सारखं. दोन्ही वेळा मावळता सूर्य क्षितिजावर एकाच जागी असतो. देवळाचा अक्ष ज्यांनी आखला त्यांनी हे नीट बघूनच आखलं.

दुसरं, आमच्या कामाचं. मावळतीचा किरण हवेच्या फार जाड थरातून येतो. धूळ असली, बाष्प असलं की तो वाटेतच थकतो. म्हणून तर दरवर्षी सगळ्यांचं लक्ष ढगांकडे आणि वाटेतल्या बांधकामांकडे असतं. अवरक्ताला बाष्प आणखीच नडतं. १.४ मायक्रॉन, २.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) अशा पट्ट्यांत हवेतली पाण्याची वाफ उजेड अक्षरशः पिऊन टाकते. म्हणून अवरक्त दुर्बिणी लडाखमधल्या हानलेसारख्या साडेचार हजार मीटर उंचीच्या कोरड्या जागी बांधतात, विमानात बसवतात, नाहीतर सरळ अवकाशात पाठवतात. आमचं कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, शेजारी नदी.

१६ नोव्हेंबर

पहिली रात्र वाया. जागा बारावीच्या मुलाच्या मळ्यातली, वडणग्याला. गुऱ्हाळं सुरू झाली आहेत, उत्तरेला धुराचा पडदा. अकरानंतर आरशावर दव. तुलनेला घेतलेला ताराही चुकला. तो तांबूस निघाला. तांबूस तारा अवरक्तात स्वतःच उजळतो, मग ग्रह आहे त्याहून जास्त मंद वाटतो. परिणाम छान दिसला म्हणून मुलं खूश होती, पण तो आकडा मी वहीतून काढायला लावला.

२१ नोव्हेंबर

आज प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि हर्षल यांच्या बरोबर मध्ये पृथ्वी. कालच अमावास्या झाली, आकाश काळंभोर. वाराही योग्य, धूर खाली बसलेला.

हर्षल कृत्तिकांच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर. पंचांगातही "हर्षल वृषभेत", आज दोन्हीकडचं एकच. मध्यरात्रीनंतर तो कोल्हापूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो. ऐकायला छान, पण आमच्या डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या दुर्बिणीला, डोक्यावरची जागाच वाईट, ती तिथे वळत नाही. म्हणून साडेदहालाच धरला, साठेक अंशांवर. तुलनेला या वेळी कृत्तिकांमधलाच सेलेनो तारा: प्रत ५.४५ (प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड कमी), निळसर पांढरा. हर्षलची प्रत ५.६.

आधी हिरवा फिल्टर. लॅपटॉपवर ग्रह आला. ताऱ्यासारखा टोकदार नाही, एक गोल, शांत ठिपका. मग दुर्बीण सेलेनोवर: जवळजवळ तेवढाच उजेड. मग ८५० चा फिल्टर. सेलेनो थोडा मंदावला, पण होता, ठाम. दुर्बीण परत हर्षलवर आणली.

पडद्यावर काही नाही.

भाची म्हणाली, "निसटला." मी शोधकातून, म्हणजे बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून बघितलं, फुलीच्या मधोमध होता. फिल्टर काढला, आहे. लावला, नाही. कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे संवेदनशीलता, वाढवला तेव्हा एक फिकट राखाडी ठिगळ वर आलं, तेही नजर रोखून बघितलं तरच. मुलीने तीन वेळा फिल्टर लावला-काढला आणि दर वेळी पडद्याला हात लावून बघत होती, ग्रह होता त्या जागी.

हे मिथेनमुळे. हर्षलच्या हवेत मिथेन आहे. सूर्याच्या उजेडातला तांबडा भाग तो शोषतो, म्हणून ग्रह डोळ्याला हिरवट निळा दिसतो. तांबड्याच्या पलीकडे त्याची भूक आणखी वाढते. ८९० नॅनोमीटरच्या आसपास तर फारच थोडा उजेड परत येतो. मी हे फळ्यावर कितीदा लिहिलंय. समोर ग्रह विझताना आज पहिल्यांदा पाहिला.

मिस्त्रीही आले होते. त्यांनी विचारलं, हा उजेड कधीचा? १८.५ खगोलीय एकक अंतर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेअठरा पट, म्हणजे २ तास ३४ मिनिटांपूर्वीचा. "म्हणजे आम्ही जेवायला बसलो तेव्हाचा," म्हणाले.

२३ नोव्हेंबर

मोजमाप. प्रत्येक फिल्टरमध्ये शेकडो छोट्या फ्रेम्स, त्यातल्या स्थिर तेवढ्या घेऊन बेरीज. हिरव्यात हर्षल सेलेनोच्या थोडा खाली. अवरक्तात सेलेनोच्या साधारण चौथ्या हिश्शावर. खरी घट याहूनही मोठी असणार, कारण सेलेनो निळसर आहे, तो अवरक्तात मुळातच कमी देतो, आणि हर्षल परावर्तित करतो तो उजेड सूर्याचा, पिवळसर. आकडा लहान दिसला तरी हरकत नाही. आपल्या बाजूने फुगवलेला नाही, हे महत्त्वाचं.

१४ डिसेंबर

सहामाही परीक्षा संपल्या. आता जेम्स वेब.

६ फेब्रुवारी २०२३ ला या दुर्बिणीच्या निअरकॅम कॅमेऱ्याने हर्षलचं चित्र घेतलं, अवघ्या १२ मिनिटांच्या उजेडात. फिल्टर दोन: १.४ मायक्रॉन आणि ३ मायक्रॉन. त्या चित्रात १३ पैकी ११ कडी दिसली. मूळ फ्रेम्स बाल्टिमोरच्या अभिलेखागारात आहेत, कुणीही उतरवून घ्याव्यात. वडणग्याच्या गच्चीवर बसलेली अकरावीची पोर आणि तिकडचा शास्त्रज्ञ, दोघांना फाईल तीच मिळते. हे मला फार मोलाचं वाटतं. मुलांना ते इतकं साधं वाटतं की मी दोनदा सांगितलं.

२० डिसेंबर

दोन्ही फिल्टरांची चित्रं एकावर एक ठेवली आणि ग्रहात ग्रह दिसला, मोठ्यात छोटा. कोष्टक बघितल्यावर उलगडा झाला. कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत. छोट्या तरंगलांबीकडे एक पिक्सेल ०.०३१ कोनसेकंदांचा (कोनसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), लांब तरंगलांबीकडे ०.०६३ चा. म्हणून ग्रहाची चकती एकात ११५ पिक्सेल, दुसऱ्यात ५७.

जुळवणी बरोबर झाली का ते तपासायला एक सोपी खूण सापडली. सगळ्यात उजळ कडं एप्सिलॉन, त्याची त्रिज्या ५१,१४९ किमी. हर्षलचा विषुववृत्तीय व्यास ५१,११८ किमी. म्हणजे कड्याचा लांब व्यास ग्रहाच्या बरोबर दुप्पट. पट्टी लावा, दुप्पट आला नाही तर कुठेतरी चुकलंय. बारावीच्या मुलाने हे शोधलं आणि दिवसभर त्याच आनंदात होता.

आणखी एक. त्या अंतरावर छोटा पिक्सेल म्हणजे साधारण ४४० किमी, कोल्हापूर-मुंबईपेक्षा जास्त. एप्सिलॉन कडं अरुंद जागी २० किमी रुंद, कोल्हापूर ते पन्हाळा. रुंद जागी ९६. म्हणजे सबंध कडं एका पिक्सेलच्या पावभागातही बसतं. आपल्याला चित्रात कड्याची रुंदी दिसतच नाही. दिसतो तो त्याचा गोळा झालेला उजेड.

त्यातून पुढचं कोडं सुटलं. कडं एका बाजूला जास्त उजळ येत होतं. आम्ही दोन संध्याकाळी आमचीच चूक शोधली. चूक नव्हती. कडं किंचित लंबवर्तुळाकार आहे, ग्रहापासून जिथे लांब जातं तिथे ते रुंद होतं, आणि रुंद तिथे उजेड जास्त. जे डाग म्हणून पुसायला निघालो होतो ती कड्याची खरी घडण होती.

२७ डिसेंबर

पक हरवला.

पक हा हर्षलचा आतला चंद्र, १६० किमीच्या आसपास व्यास. व्हॉयेजर २ यानाने डिसेंबर १९८५ मध्ये शोधला. आमच्या अंतिम चित्रात तो नाही. एरियल, मिरांडा, टायटानिया दिसतात पण कळकट. पक साफ गायब.

एकेक फ्रेम उघडून बघितली. प्रत्येक फ्रेममध्ये आहे! दर वेळी थोडा पुढे. मग समजलं. फ्रेम्स एकत्र करताना आम्ही मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेत होतो, कारण वैश्विक किरणांचे ठिपके त्याने जातात. जे एकाच फ्रेममध्ये एका जागी दिसतं ते कचरा समजून तो टाकतो. पण पक ग्रहाभोवती सव्वाअठरा तासांत फेरी मारतो, सेकंदाला ८ किमीहून जास्त वेगाने. म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त पिक्सेल. कुठल्याही दोन फ्रेममध्ये तो एका जागी नव्हताच.

उपाय: ग्रह आणि कडी यांच्यासाठी एक बेरीज, चंद्रांसाठी प्रत्येकाच्या चालीनुसार फ्रेम सरकवून वेगळी बेरीज. रात्री साडेअकराला अकरावीच्या मुलीचा फोन आला: "मॅडम, पक आला." मोजलेली चाल हिशेबाच्या अगदी जवळ. तिने त्यावरून फेरीचा काळही काढला, सव्वाअठराच्या आसपास.

११ जानेवारी २०२६

मुलांनी विचारलं, नवा सापडलेला चंद्र आपल्याला दिसेल का? ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेला, एस/२०२५ यू१, अंदाजे १० किमीचा. त्याच्यामुळे हर्षलचे चंद्र आता २९. नाही दिसणार. तो सापडला ते चाळीस-चाळीस मिनिटांच्या दहा फ्रेम्समध्ये, २ फेब्रुवारी २०२५ च्या. आमच्याकडे एकूण बारा मिनिटं.

१८ जानेवारी

आज फलकाचा मजकूर. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "हे चित्र हर्षलच्या उष्णतेचं आहे." लिहिणारी मुलगी हुशार आहे, आणि चूक तिची नाही, आमच्या क्रमाची आहे. ऑक्टोबरमध्ये थर्मामीटर धरून अवरक्त म्हणजे गरम हे आम्हीच तिच्या मनात बसवलं.

म्हणून सगळ्यांना बसवून पुन्हा हिशेब. हर्षलचं तापमान ५९ केल्विन, उणे २१४ अंश सेल्सियस. इतकी थंड वस्तू स्वतःच्या उष्णतेने जास्तीत जास्त उजळते ती ४९ मायक्रॉनच्या आसपास. कड्यांचं तापमान ७७ केल्विन, त्यांचा उजाळा ३८ च्या आसपास. वेबची सगळ्यात लांब नजर २८ पर्यंत. आणि आमच्या फ्रेम्स १.४ आणि ३ च्या. म्हणजे आपल्या चित्रात हर्षलची ऊब जवळजवळ शून्य. आहे तो सगळा सूर्याचाच उजेड, तिथे आपटून परत आलेला.

मग कडी का दिसतात? ती कोळशासारखी काळी आहेत. साध्या उजेडात शेजारच्या ग्रहाच्या लखलखाटात ती बुडून जातात. अवरक्तात मिथेन ग्रहाचा उजेड खातो. कड्यांच्या खड्यांभोवती मिथेनची हवा नाही, त्यांचा उजेड कुणी खात नाही. कडी उजळत नाहीत, ग्रह मावळतो. २१ नोव्हेंबरला पडद्यावर जे विझताना पाहिलं, तेच हे. मुलगी एकदम म्हणाली, "म्हणजे त्या रात्री आपल्या दुर्बिणीत कडी दिसायला हवी होती?" नाही, आपला आरसा आठ इंची, वेबचा साडेसहा मीटर, वर आपली हवा. पण ज्या कारणाने दिसली असती, ते कारण आपण पाहिलं.

फलकावर आता हेच वाक्य मोठ्या अक्षरात जाईल.

२४ जानेवारी

आज बरोबर ४० वर्षं. २४ जानेवारी १९८६ ला व्हॉयेजर २ हर्षलच्या ढगांपासून ८१,५०० किमीवरून गेलं. तिथे गेलेलं एकमेव यान. त्याच्या चित्रात ग्रह गुळगुळीत, जवळपास कोरा. आमच्या अवरक्त चित्रात ध्रुवाकडे पांढरट टोपी आहे, काठाला ढगांचे दोन ठळक ठिपके. ग्रह ९८ अंश कललेला, आडवा पडून फिरणारा. सध्या उत्तर ध्रुव सूर्याकडे वळतोय, २०२८ मध्ये पूर्ण वळेल.

यानिमित्ताने कड्यांच्या शोधाची गोष्ट सांगितली, ती तर अधिक आपली आहे. १० मार्च १९७७. हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अमेरिकेचे जेम्स इलियट आणि सहकारी ९१ सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण बसवलेलं विमान घेऊन हिंदी महासागरावर गेले. ग्रह ताऱ्यासमोर यायच्या आधीच तारा काही वेळा लुकलुकला, ग्रह गेल्यावर पुन्हा तसाच. ती कडी. त्याच रात्री तमिळनाडूत कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. त्यांच्या नोंदीतही ताऱ्याचा उजेड क्षणभर घटलेला आहे. मुलांना हे नवं होतं. मला ते पाठ्यपुस्तकात हवं आहे, कड्यांच्या पहिल्याच ओळीत.

१४ फेब्रुवारी

रंग. १.४ मायक्रॉनला निळा दिला, ३ ला नारिंगी, मूळ प्रसिद्ध चित्रासारखाच. मुलगा म्हणाला, आपण जांभळा देऊ, उठून दिसेल. देता येईल, कारण या उजेडाला डोळ्याचा रंगच नाही. पण एक नियम आम्ही पाळला: छोट्या तरंगलांबीला निळ्याकडचा रंग, लांबला तांबड्याकडचा. इंद्रधनुष्याचा क्रम मोडायचा नाही. आणि चित्राच्या खालीच, छापील, कुठल्या फिल्टरला कुठला रंग दिला ते लिहायचं.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन. सकाळी साडेनऊपासून माणसं. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "हा खरा रंग आहे का?" चौघांनीही न थकता उत्तर दिलं. आम्ही टेबलावर रिमोट, ८५० चा फिल्टर आणि कॅमेरा ठेवला होता. माणसं काळ्या काचेतून डोळ्याने बघायची, काही नाही. मग पडद्यावर रिमोटचा दिवा पेटलेला. तेवढ्यावर पुढचं सगळं समजायचं. एक आजी नातवाला हाताला धरून तीनदा त्या टेबलावर आल्या.

शेजारी आमची दोन चित्रं: वडणग्याचा हर्षल, हिरव्यात आणि अवरक्तात. साधी, राखाडी, दाणेदार. वेबच्या कड्यांसमोर ती दुबळी दिसतील अशी मला धास्ती होती. पण लोक तिथेच जास्त थांबले. "हे तुम्ही काढलं?" असं विचारून पुन्हा वाकून बघायचे.

थोरले काका दुपारी आले. कड्यांपुढे बराच वेळ उभे. मग भाचीला एकच प्रश्न: "तो आरसा, त्यात कथील किती?" साधारण दोन वाटे तांबं, एक वाटा कथील, असं तिने सांगितलं. "ठिसूळ हुनार," म्हणाले, "पर चकाकी यील."

८ मार्च

आवराआवर. हर्षल आता संध्याकाळीच पश्चिमेला कलतो, पुढची प्रतियुती नोव्हेंबरच्या शेवटी. फिल्टर डबीत, सिलिका जेल बदललं. फ्रेम्सच्या दोन प्रती, एक महाविद्यालयात, एक माझ्याकडे. चंद्रांची बेरीज कशी करायची ते अकरावीच्या दोघींनी पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी नऊ पानांत लिहून ठेवलंय.

काकांनी तीन इंची आरशाचा साचा केलाय. लीद जोतिबाच्या वाटेवरच्या घोडेवाल्याकडून आणली, भाचीने कुटली, चाळली. साचा गच्चीवर उन्हात ठेवलाय, रात्री आत घेतात. मी विचारलं, ओतणार कधी? त्यांनी साच्यावर उलटा हात ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "अजून आठ दिस. आतनं वला हाय."